कागद नाहीत, पण अ‍ॅडमिशन आहे: सरकारी विद्यापीठ अशा मुलांना मदत कशी करतं?

लोकलच्या गर्दीत ऐकू आलं नाही, किंवा इअरफोन घरी राहिले, अशा सगळ्यांसाठी हे या एपिसोडचं लिखित रूप. बोलतानाचे 'अं... म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आजचा विषय एका श्रोतीच्या मेसेजमधून आला. ती लिहिते, "माझी मावसबहीण चार वर्षांची असताना मावशी-काकांबरोबर कॅलिफोर्नियाला गेली. आता तिथल्याच सरकारी विद्यापीठात शिकते. पुढच्या वर्षी ती एकवीस पूर्ण करेल आणि घरात सगळे टेन्शनमध्ये आहेत. वाढदिवसाचं एवढं टेन्शन कशासाठी?"

प्रश्न मस्त आहे. पण त्याचं उत्तर नीट कळायला आधी तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाकडे बघावं लागेल. ज्याच्याकडे व्हिसाही नाही, ग्रीन कार्डही नाही. तिकडे अशा मुलांना 'अनडॉक्युमेंटेड' म्हणतात. कुणाच्या आईवडिलांचा व्हिसा संपला आणि ते तिथेच राहिले, कुणी सीमा ओलांडून आले. मूल मात्र बहुतेक वेळा कडेवर बसून आलेलं असतं. निर्णय त्याचा नसतोच.

बारावीपर्यंत रस्ता, पुढे खड्डा

अमेरिकेत शाळेचा प्रश्न १९८२ मध्ये सुटला. टेक्सासमधल्या टायलर गावच्या शाळांनी कागद नसलेल्या मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागायला सुरुवात केली होती. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: सरकारी शाळेने या मुलांना बाकीच्यांसारखंच मोफत शिकवायचं. हाच तो 'प्लायलर विरुद्ध डो' खटला.

पण हा निकाल बारावीपर्यंतच. कॉलेजबद्दल तो काहीच बोलत नाही. म्हणजे सरकारच तुम्हाला बारा वर्षं शिकवणार, आणि मग पुढचं तुमचं तुम्ही बघा म्हणणार. प्रवेश देऊ नका असं केंद्राचा कायदा सांगत नाही, पण द्याच असंही सांगत नाही. त्यामुळे सगळं राज्यावर येतं. साउथ कॅरोलायनाने २००८ मध्ये कायदा करून सरकारी कॉलेजचं दारच बंद केलं. कॅलिफोर्नियाने उलटा रस्ता धरला. म्हणून आज आपण कॅलिफोर्नियाबद्दल बोलू.

फी: डोमिसाइलचा खेळ

आपल्याकडे अ‍ॅडमिशनच्या वेळी डोमिसाइल सर्टिफिकेटसाठी कशी धावपळ होते, आठवतंय ना? तिकडेही तसंच. राज्यातल्या विद्यार्थ्याला एक फी, बाहेरच्याला दुसरी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला ३०,००० डॉलरहून जास्त रक्कम वरून भरावी लागते. हॉटेलात भांडी घासणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या आईबापांना हे जमणं शक्यच नाही.

त्यात १९९६ मध्ये केंद्राने एक कायदा केला. कागद नसलेल्या विद्यार्थ्याला 'हा आमच्या राज्यात राहतो' या कारणावरून फीची सवलत द्यायची असेल, तर तीच सवलत देशातल्या प्रत्येक नागरिकाला द्या, तो कुठल्याही राज्यात राहत असो. झालं, सवलत कोण देणार?

इथे कॅलिफोर्नियाने डोकं लढवलं. २००१ मध्ये 'एबी ५४०' नावाचा कायदा आला. त्याने राहण्याचा मुद्दाच बाजूला ठेवला. तुम्ही कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं शिकलात आणि तिथून पास झालात, तर बाहेरच्यांची जादा फी माफ. मग इथे शिकून नंतर शेजारच्या नेवाडात राहायला गेलेल्या अमेरिकन नागरिकालाही ती माफ. सवलत राहण्यावर नाही, शिकण्यावर. पुढे या कायद्याला आव्हान दिलं गेलं, पण २०१० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो एकमताने टिकवला.

अर्थात सगळीकडे असं टिकत नाही. असा कायदा सगळ्यात आधी, २००१ मध्येच, टेक्सासने केला होता. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्याविरुद्ध खटला भरला, राज्य सरकारने विरोधच केला नाही, आणि त्याच दिवशी कोर्टाने तो कायदा थांबवला. चोवीस वर्षांची सवलत एका दिवसात गेली.

फॉर्म वेगळा का?

फी कमी झाली तरी ती भरायची कुठून? केंद्राची स्कॉलरशिप किंवा कर्ज या मुलांना मिळत नाही. म्हणून २०११ मध्ये 'कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्ट' आला आणि राज्याच्या पैशातून मदत सुरू झाली. २०१४ मध्ये यांच्यासाठी वेगळ्या विद्यार्थी-कर्जाचाही कायदा झाला.

यात एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. नेहमीचा आर्थिक मदतीचा फॉर्म केंद्र सरकारकडे जातो. ड्रीम अ‍ॅक्टचा फॉर्म राज्याच्या कार्यालयाकडे जातो. घाबरलेल्या कुटुंबासाठी हा फरक मदतीच्या रकमेइतकाच मोठा असतो. कारण आईवडिलांचा पहिला प्रश्न 'किती पैसे मिळतील' हा नसतो. 'आमचा पत्ता कुणाकडे जाईल' हा असतो.

मी हे स्वतः पाहिलंय. मी तिथल्या एका सरकारी विद्यापीठात मास्टर्स करत होतो आणि नव्या विद्यार्थ्यांच्या मदत-डेस्कवर पार्टटाइम बसायचो. एक मुलगी तीन दिवस रोज यायची, फॉर्म घ्यायची, सोशल सिक्युरिटी नंबरच्या रकान्याकडे बघायची आणि परत जायची. चौथ्या दिवशी माझ्या शेजारी बसणाऱ्या सीनियर बाईंनी कुणाकडेच न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ज्यांच्याकडे हा नंबर नाही त्यांनी रकाना कोरा सोडा. दुसरा फॉर्म आहे, आतल्या खोलीत मिळतो." मुलगी आत गेली. बाईंनी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या कामातलं सगळ्यात मोठं कसब मला त्या दिवशी दिसलं: समोरच्याला आपलं गुपित न सांगता मदत घेता आली पाहिजे.

नोकरी: इथे गाडी अडते

आता एक गंमत बघा, आणि ती फारशी हसण्यासारखी नाही. मी पुण्याहून एफ-१ व्हिसावर गेलो आणि थोड्याच आठवड्यांत मला कॅम्पसवर नोकरी मिळाली. एफ-१ वाल्यांना सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तास कॅम्पसवर काम करता येतं. आणि जो मुलगा तीन वर्षांचा असल्यापासून तिथे वाढला, त्याला लायब्ररीत पुस्तकं लावायचेही पैसे घेता येत नाहीत. १९८६ च्या कायद्याने वर्क परमिट नसलेल्याला नोकरीवर ठेवायला बंदी आहे.

यावर २०१२ मध्ये 'डाका' नावाची योजना आली. दोन-दोन वर्षांसाठी हद्दपारीपासून संरक्षण आणि काम करायची परवानगी. त्या आदेशावर सही होती तेव्हाच्या गृहसुरक्षा मंत्री जॅनेट नेपोलिटानो यांची. पुढच्याच वर्षी त्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अध्यक्ष झाल्या. २०१७ मध्ये केंद्राने योजना बंद करायचं ठरवलं, तेव्हा विद्यापीठाने थेट कोर्टात धाव घेतली. जून २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, ज्या पद्धतीने योजना बंद केली ती पद्धत कायद्याला धरून नाही. योजना तगली. विद्यापीठ फी माफीच्या पुढे जाऊन काय करू शकतं, त्याचं हे उदाहरण.

पण डाकाची एक अट आहे: १५ जून २००७ पासून तुम्ही सलग अमेरिकेत असायला हवं. आता हिशोब करा. आज अठरा वर्षांचा मुलगा तेव्हा जेमतेम जन्मला असेल किंवा जन्मलाही नसेल. त्यात २०२१ पासून कोर्टाच्या आदेशामुळे नवे अर्ज मंजूरच होत नाहीत. म्हणजे आज कॉलेजात येणाऱ्या जवळपास कुठल्याच नव्या मुलाकडे डाका नाही. बातम्यांमध्ये अजून डाकाच गाजतो, वर्गात मात्र त्याच्याबाहेरची पिढी बसलीय.

मग काही विद्यापीठं पगाराऐवजी फेलोशिप देतात, म्हणजे शिकण्याशी जोडलेली रक्कम. विद्यापीठाने स्वतःच या मुलांना कामावर घ्यावं अशी विद्यार्थ्यांनी मोठी मागणी केली होती, पण जानेवारी २०२४ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या नियामक मंडळाने ती वर्षभर पुढे ढकलली. त्याच वर्षी विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक गव्हर्नरनी व्हेटो केलं.

मग आणि काय करता येतं?

विद्यापीठ कुणाला नागरिकत्व देऊ शकत नाही. पण काही गोष्टी पूर्ण त्याच्या हातात असतात.

एक, वकील. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं इमिग्रंट लीगल सर्व्हिसेस सेंटर डेव्हिसच्या लॉ स्कूलमधून चालतं आणि विद्यार्थ्यांना मोफत सल्ला देतं. कधीकधी मुलाला स्वतःलाच माहीत नसतं की तो एखाद्या व्हिसासाठी पात्र आहे.

दोन, गुप्तता. १९७४ च्या 'फर्पा' कायद्याने विद्यार्थ्याची माहिती सहसा त्याच्या परवानगीशिवाय बाहेर देता येत नाही. पण कोर्टाचा आदेश आला तर द्यावी लागू शकते. म्हणून अनुभवी लोक म्हणतात, जी माहिती लागत नाही ती लिहूनच ठेवू नका.

तीन, वर्गातले साधे निर्णय. सॅन डिएगोहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या हायवेवर सॅन क्लेमेंटेजवळ बॉर्डर पेट्रोलचं चेकपोस्ट आहे, देशाच्या आत! प्राध्यापकाने त्या रस्त्याने फील्ड ट्रिप काढली आणि तिला मार्क ठेवले, तर एखाद्या मुलाला मार्क आणि धोका यातून निवड करावी लागते. पर्यायी असाइनमेंट सगळ्यांसाठीच खुली ठेवली, की कुणाला कारण सांगत बसावं लागत नाही.

आता मावसबहिणीचं

ती बहुधा एच-४ वर आहे, म्हणजे एच-१बी वाल्यांचं मूल. तिच्याकडे कागद आहेत. पण एच-४ मुलाला एकवीस वर्षांपर्यंतच चालतो. आईवडिलांचं ग्रीन कार्ड तोवर आलं तर प्रश्न मिटला. पण एका देशाच्या लोकांना वर्षाला साधारण सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं देत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग लांबच लांब आहे. मुलं रांगेतच मोठी होतात.

आणि विचित्र भाग पुढे आहे. डाका तिला मिळत नाही, कारण त्यासाठी २०१२ मध्ये तुमच्याकडे कायदेशीर स्टेटस नसायला हवं होतं. एबी ५४० सुद्धा व्हिसावर असलेल्यांना, एकदोन खास प्रकार सोडले तर, लागू नाही. आतापर्यंत तिला राज्याची फी लागली असेल तर ती आईवडील तिथले रहिवासी म्हणून. एकवीसनंतर शिकत राहायचं तर तिला स्वतःचा एफ-१ घ्यावा लागेल, आणि एफ-१ वाल्याला अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थी धरून फी लावतात. घरातलं टेन्शन यासाठी आहे. अशा मुलांना तिकडे 'डॉक्युमेंटेड ड्रीमर्स' म्हणतात.

तिला तीन गोष्टी सांगा. व्हिसा बदलायचा अर्ज वाढदिवसाच्या बरेच महिने आधी हलवायचा. परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस आणि फीचा रहिवास ठरवणारं ऑफिस, दोन्हीकडे वेगवेगळं विचारायचं, कारण एकाला दुसऱ्याचे नियम माहीत असतीलच असं नाही. आणि वयाची एकवीस वर्षं मोजायचा एक खास कायदा २००२ पासून आहे, तो तिला लागू होतो का हे इमिग्रेशन वकिलाकडून तपासायचं. काकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून नाही!

तुम्ही वर्गमित्र असाल तर

आपल्यातले बरेच जण शिकायला तिकडे जाणार आहात, म्हणून हे शेवटचं. कुणाला 'तुझं स्टेटस काय' असं विचारू नका. त्याने आपणहून सांगितलं तर ते तुमच्यापाशीच ठेवा, रूममेटलाही नको. 'काहीतरी होईल रे' असा धीर देण्यापेक्षा त्या केंद्राचा पत्ता द्या आणि दारापर्यंत सोबत जा. नियम सतत बदलतात, त्यामुळे दर सेमिस्टरला नवी माहिती तिथूनच घ्या.

तुमचे प्रश्न नेहमीसारखे मेसेजवर पाठवा. नाव लपवायचं असेल तर तसं लिहा, आम्ही ते वाचून दाखवणार नाही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!