श्वास, सूर आणि दगडी छत

कॅथीड्रलमध्ये गाणारे थांबले तरी गाणं थांबत नाही. शेवटचा ‘आमेन’ ओठांवरून सुटतो, तोंडं मिटतात, आणि तो सूर वरच्या कमानींत चढून काही सेकंद तिथेच तरंगत राहतो. लंडनच्या सेंट पॉल्समध्ये तर तो विरायला सात-आठ सेकंदांहूनही जास्त वेळ घेतो. दगड आवाज फारसा पीत नाही, परत पाठवतो. त्यामुळे आधीचा सूर पुरता निवायच्या आत पुढचा येऊन त्याच्या शेजारी बसतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, वर आणखी कुणीतरी गातंय.

इंग्लंडच्या कॅथीड्रलांत ही गाती सायंप्रार्थना, म्हणजे ‘इव्हनसाँग’, आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी होते. गायक दोन रांगांत समोरासमोर असतात. एका बाजूला म्हणतात ‘डिकेनाय’, दुसरीला ‘कँटोरिस’. कीर्तनात दुतर्फा उभे राहिलेले टाळकरी आठवावेत. स्तोत्राचं एक वचन या बाजूनं, पुढचं त्या बाजूनं. 1662 च्या प्रार्थनापुस्तकानं सगळी 150 स्तोत्रं महिन्याच्या 30 दिवसांत वाटून दिली आहेत. पंधरा तारखेच्या संध्याकाळी वाट्याला येतं एकटं 78 वं स्तोत्र, पण त्याची वचनं 73! गाणारी निम्मी मंडळी शाळकरी वयाची असतात, हे लक्षात घेतलं की थक्क व्हायला होतं.

सतराव्या शतकात, यादवी आणि क्रॉमवेलच्या राजवटीत, हे गायकवृंद मोडले होते. 1660 मध्ये राजा परतला, तसे तेही पुन्हा जुळले. मार्च 2020 मध्ये मात्र कोविडच्या साथीत देशभरातली कॅथीड्रलं एकाच आठवड्यात मुकी झाली.

साथ पसरवण्याबाबत गाण्यावरच एवढा संशय का, याचं उत्तर अटलांटिकपलीकडे मिळालं होतं. 10 मार्च 2020 ला अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यातली एक हौशी गायनमंडळी अडीच तासांच्या तालमीला जमली. 61 जण होते. त्यातल्या एकाला सर्दी-खोकल्यासारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत त्याला धरून, निश्चित आणि संभाव्य मिळून, 53 जण आजारी पडले, दोघं दगावले.

आता श्वासाकडे जरा जवळून बघू. फुप्फुसातून येणारी हवा स्वरतंतूंना थरथरवते, तोच आपला आवाज. त्या तंतूंवर आणि श्वासनलिकांच्या आत ओलाव्याचा पातळ थर असतो. थरथरीनं त्याचे कण सुटतात आणि हवेबरोबर बाहेर पडतात. आवाज आणि तुषार एकाच श्वासाची भावंडं, पण दोघांचं आयुष्य किती वेगळं! सूर काही सेकंदांत विरतो. एक मायक्रॉनचा कण मात्र अगदी शांत हवेत दीड मीटर खाली उतरायला सुमारे बारा तास घेतो. गाणं केव्हाच संपलेलं असतं, त्याचा श्वास अजून हवेत असतो.

मग गाणं बोलण्यापेक्षा किती घातक? ब्रिस्टलमधल्या शास्त्रज्ञांनी, आणि त्यांच्याबरोबर स्वतः गाणारे कान-नाक-घसा शल्यविशारद डेक्लन कॉस्टेलो यांनी, 25 व्यावसायिक गायकांना शस्त्रक्रियागृहात नेलं. तिथली हवा इतकी गाळलेली असते की मोजला जाणारा जवळजवळ प्रत्येक कण गाणाऱ्याचाच. गायचं काय, तर ‘हॅपी बर्थडे’. निष्कर्ष सोपा आणि अनपेक्षित होता. सारख्याच मोठ्या आवाजात गायलं काय, बोललं काय, फरक थोडाच. खरा फरक आवाज चढवण्यात. अगदी हळू आवाजाच्या तुलनेत अगदी मोठ्या आवाजात कणांचं वजन वीस ते तीस पट झालं. बर्लिनमध्ये लहान मुलांवर असंच मोजमाप झालं, तेव्हा गाणाऱ्या मुलांचे कण साधारण बोलणाऱ्या मोठ्या माणसाइतकेच भरले. कॅथीड्रलच्या बालगायकांची काळजी वाहणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको.

गायक परतले, पण दोन-दोन मीटर अंतर राखून. हे अंतर ऐकायला किरकोळ वाटतं. आवाज दोन मीटर जायला जेमतेम सहा मिलिसेकंद लागतात, तेव्हा ताल त्यानं बिघडत नाही. बिघडतं ते ऐकणं. वृंदात गाणारा शेजाऱ्याचा सूर खांद्यापाशी ऐकत त्यात आपला मिसळतो. शेजारी दूर गेला की स्वतःचाच आवाज मोठा वाटू लागतो आणि इतरांचा येतो तो छताला लागून, उशिरा. एरवी ज्या घुमण्यानं गाण्याला वैभव येतं, तेच आता सूर जुळवणं अवघड करत होतं. माझ्या मते साथीच्या त्या काळातली गायकांची खरी कसोटी ही होती, आणि ती ऐकणाऱ्याला दिसतही नव्हती. भाविकांना तर गाण्याची मुभाच नव्हती. इंग्लंडमध्ये त्यांचा आवाज मोकळा झाला 19 जुलै 2021 ला.

त्याच वर्षी 17 एप्रिलला विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये प्रिन्स फिलिप यांचा अंत्यविधी झाला. हे कॅथीड्रल नव्हे, पण परंपरा तीच. मास्क लावलेले तीस जण गप्प बसलेले, आणि त्यांच्यापासून दूर, मोकळ्या केलेल्या दालनात गायक फक्त चार. फिलिप यांच्या 75 व्या वाढदिवसासाठी विल्यम लव्हलेडी यांनी 104 व्या स्तोत्राला संगीत दिलं होतं.  चॅपलचे संगीतप्रमुख जेम्स व्हिव्हियन यांनी ती रचना चार आवाज आणि ऑर्गनसाठी बेतली. चार गळे आणि मध्ये इतकी हवा. तरी ऐकताना काही कमी आहे असं वाटत नाही.

आणि ऑर्गन! कॅथीड्रलमधला हा एकच गाणारा असा, ज्याचा श्वास कुणाच्या फुप्फुसातून येत नाही. पंखा हवा भरतो, नळ्या गातात. जानेवारी 2021 मध्ये सॉल्झबरीच्या तेराव्या शतकातल्या कॅथीड्रलमध्ये लसीकरण सुरू झालं, तेव्हा तिथला 1877 चा विलिस ऑर्गन वाजत राहिला. डेव्हिड हॉल्स आणि जॉन चॅलेंजर हे दोघं वादक आळीपाळीनं बाख, हँडेल वाजवत. ऐंशी ओलांडलेली माणसं दंडात सुई घेत आणि नंतरची पंधरा मिनिटं, सक्तीच्या विश्रांतीची, त्या उंच कमानींखाली बसून काढत, अंगावरचे कोट न उतरवता, वर बघत.