काखेतली फाइल

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मी गेली वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवते. जून-जुलै आला की जुने विद्यार्थी माझ्याकडे यायला लागतात. कुणाला शिफारसपत्र हवं असतं, कुणाला नुसतं बोलायचं असतं. प्रत्येकाच्या काखेत प्लॅस्टिकच्या खिशांची एक फाइल असते. गेल्या पावसाळ्यात एकानं ती माझ्या टेबलावर उघडली. दहावी-बारावीच्या मार्कशीट, बी.ए.चं प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी, टायपिंग, डोमिसाइल, जातीचा दाखला, पडताळणी, मुदत संपत आलेलं नॉन-क्रिमीलेअर. शेवटच्या खिशात हॉल तिकिटं, तारखेप्रमाणे लावलेली. सतरा आहेत, तोच म्हणाला. मग खाली बघत विचारलं, "मॅडम, माझ्यात काय कमी आहे?"

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नव्हता. घरातली, भावकीतली, पारावरची काही ठरलेली वाक्यं त्यानं चार वर्षं ऐकली होती. ती वाक्यं आता मलाही पाठ झाली आहेत. खरी समजून ती पुढच्या पोरांनाही ऐकवली जातात, म्हणून ती तपासून बघायला हवीत.

"शिकलेल्याला काम मिळतंच"

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतल्या बेकारीचं प्रमाण २९.१ टक्के होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते ३.४ टक्के होतं. आकडा पहिल्यांदा ऐकला की वर्गात मुलं गप्प होतात.

याचा अर्थ शिकून वाटोळं होतं असा नाही. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल त्याच दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्याला बेकार राहणं परवडत नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या दरानं तो करतो आणि पाहणीत 'कामावर' म्हणून मोजला जातो. पदवीधर थांबतो. शिक्षणाला साजेसं काम मिळेल या आशेवर घरच्यांनी त्याच्यावर पैसे घातलेले असतात. बाहेर तसं काम कमी आणि थांबणारे फार, म्हणून आकडा फुगतो. पदवीनं दार उघडतं हे खरं आहे, पण दारापलीकडे किती जागा आहेत ते पदवी ठरवत नाही.

"आजकालच्या पोरांना कष्ट नकोत"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. २०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले. मैदानी चाचण्या ऐन जूनच्या पावसात सुरू झाल्या. पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करणारी पोरं आमच्याही गावात आहेत. त्यांत एम.ए. झालेले आहेत, इंजिनिअर आहेत. पोलीस शिपायाच्या जागेसाठी चिखलात धावणाऱ्या पदवीधराला आळशी कसं म्हणायचं?

"मग शेती कर," असं म्हणणारेही असतात. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन होती, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. तीही पुष्कळ ठिकाणी कोरडवाहू. तिच्यावर आई-वडील आहेतच, थोरला भाऊ आहे. धाकटा तिथे राबला तरी उत्पन्न वाढत नाही, खाणारं तोंड मात्र घरातच राहतं. त्याला शिकवलं तेव्हा घरानं हाच हिशेब केला होता, तो आता विसरून चालणार नाही.

"नीट अभ्यास केला की एमपीएससी निघतेच"

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या ओळखीच्या पोरांची सगळ्यात जास्त वर्षं इथे गेली आहेत.

एमपीएससीबाहेरचं, पण याच पोरांचं एक उदाहरण घ्या. २०२३च्या तलाठी भरतीत जाहिरात ४,६४४ पदांची होती आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. परीक्षा शुल्क खुल्या गटाला एक हजार आणि मागासवर्गीयांना नऊशे रुपये. आता धरून चाला की या सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला. पदं तेवढीच राहतील. फक्त कटऑफ वर सरकेल आणि एका गुणानं हुकणाऱ्यांची रांग लांब होईल. एकट्याचा अभ्यास त्याला रांगेत पुढे नेतो, पण सगळ्यांच्या अभ्यासानं रांग लहान होत नाही. अर्थशास्त्राची एवढी साधी गोष्ट आपण पोरांना सांगत नाही, कारण सांगितली की त्यांचा धीर सुटेल अशी भीती वाटते. मीही पुष्कळ वर्षं सांगितली नाही.

पुण्यात सदाशिव पेठेत, नव्या पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आजूबाजूला या रांगेचं एक वेगळं गाव वसलं आहे. कॉटबेसिसवरची खोली, मेसचा डबा, अभ्यासिकेतली आपल्या नंबरची खुर्ची, झेरॉक्सच्या नोट्स, रात्री अकराचा चहा. गावाकडून महिन्याला येणारे सात-आठ हजार वडील कुठून आणतात हे पोरांना माहीत असतं, म्हणून सणालाही घरी जायला ती कचरतात. ११ मार्च २०२१ला, एमपीएससीची परीक्षा तीन दिवसांवर असताना ती पुढे ढकलल्याचं कळलं आणि ही मुलं पुण्यात रस्त्यावर उतरली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, आठवड्यानं काय बिघडतं? पण परीक्षा त्याआधीही पुढे गेलेली होती, आणि प्रत्येक तारखेबरोबर खोलीचं भाडं आणि वय दोन्ही वाढत होतं.

निवड झाली की सुटलो, असंही नाही. २०१९च्या राज्यसेवेचा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागला आणि ४१३ उमेदवार निवडले गेले. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षणाला स्थगिती दिली आणि त्यांच्या नेमणुका वर्षभराहून अधिक रखडल्या. गावात सत्कार झाले, हार-तुरे झाले, आणि पद हातात नसलेले अधिकारी घरी बसून राहिले.

अभ्यास करू नका, असं मी कुणाला म्हणत नाही. दोन प्रयत्न की तीन, कुठवर थांबायचं, हे पुण्याची गाडी पकडायच्या आधी घरात बसून ठरवा, एवढं मात्र म्हणते. चौथ्या वर्षी ठरवायला बसलं की गेलेली तीन वर्षं आड येतात.

"पुढे अजून एक डिग्री करून ठेव"

ही चूक माझ्याही हातून झाली आहे. २०१०च्या सुमारास मी कितीतरी मुलींना डी.एड.चा रस्ता दाखवला. दोन वर्षांत शिक्षिका, घराजवळ नोकरी, लग्नालाही सोपं, असं सगळेच म्हणत होते. गल्लीबोळात डी.एड. महाविद्यालयं निघाली होती. मे २०१२ मध्ये सरकारनं शिक्षक भरती थांबवली. २०१३च्या डिसेंबरात टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली आणि नेमणुकीसाठीची अभियोग्यता परीक्षा थेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली. त्या मुलींची लग्नं झाली, मुलं शाळेत जायला लागली. त्यातली एक मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "सर्टिफिकेट लोखंडी पेटीत आहे मॅडम, अजून काढून बघते." तिला काय उत्तर द्यावं, मला सुचलं नाही.

पुढची पदवी घ्यायच्या आधी तिच्या जागा गेल्या पाच वर्षांत किती भरल्या, हे विचारलं पाहिजे. आमच्याच स्टाफरूममध्ये सेट झालेले, पीएच.डी. झालेले लोक तासिका तत्त्वावर शिकवतात. सुट्टीच्या महिन्यात त्यांना मानधन नसतं.

"कार्ड काढलंय, कधीतरी कॉल येईल"

सेवायोजन कार्यालयात, म्हणजे आताच्या महास्वयम् पोर्टलवर, नोंदणी जरूर करावी. पण १९५९चा कायदा मालकानं रिक्त जागा कळवाव्यात एवढंच सांगत होता. त्या कार्यालयामार्फतच माणूस घेतला पाहिजे असं बंधन त्या कायद्यानं घातलेलं नव्हतं. वाट बघत बसण्यासारखं त्यात काही नाही.

"पैसे मोजले की काम होतं"

शेत विकून पैसे देणारी घरं मी पाहिली आहेत. २०१९-२०च्या टीईटीत गुण वाढवून घेतल्याचं पुढे उघड झालं आणि २०२२ मध्ये ७,८८० उमेदवारांवर परीक्षा परिषदेनं कारवाई केली. पैसेही गेले आणि पुढच्या परीक्षांची वाटही बंद झाली. मधला माणूस पावती देत नाही, आणि फिरला तर तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

"छोट्या कामाला हात घातला की पोरगा तिथंच अडकतो"

या समजुतीनं माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये बदल झाला आणि बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनाही अप्रेंटिस म्हणून घेता येऊ लागलं. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१९च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान नऊ हजार रुपये विद्यावेतन ठरवलं. राज्य सरकारच्या २०२४च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना दहा हजार होते, आधी सहा महिने, मग मुदत वाढली.

दोन्हींत कायम नोकरीची हमी नाही, हे आधीच सांगते. नऊ हजारांत शहरात भागत नाही, हेही खरं. पण वर्षभरानंतर पोरगा स्टॉक रजिस्टर लिहू शकतो, एक्सेल चालवतो, जीएसटीचं बिल वाचतो. पुढच्या मुलाखतीत "अनुभव?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर असतं. चार वर्षं फक्त फाइल सांभाळली तर त्या रकान्यात काही लिहिता येत नाही, मग त्यानं या चार वर्षांत कितीही वाचलेलं असो.

फाइलवाल्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितलं. त्याच्यात काही कमी नाही, आणि सतरा हॉल तिकिटं ही सतरा नापाशी नव्हेत, हेही सांगितलं. तो बराच वेळ फाइलचे खिसे सरळ करत बसला. दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. रांजणगावच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तो अप्रेंटिस लागलाय. तिघांत एक खोली आहे, रात्री दोन तास अजून अभ्यास करतो. आवाज मोकळा वाटला. वडील काय म्हणतात, विचारलं. तो क्षणभर थांबला. वडिलांनी भावकीत अजून सांगितलेलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, पोरगं पुण्याला अभ्यासाला आहे.