कटू शब्दांचा आघात आणि त्याचे निवारण

समजा, एखादी शिक्षिका घरच्या फळ्यावर अपूर्णांकांचा पाठ शिकविते आणि त्याची चित्रफीत आंतरजालावर सर्वांसाठी खुली ठेविते. आठवडाभरात तिच्याकडे शंभर अभिप्राय येतात. बहुतेक आभाराचे असतात, काहींत शंका विचारलेल्या असतात. आणि दोन-तीन जण मात्र पाठाविषयी एक अक्षरही न लिहिता तिचा रंग, तिची बोली किंवा तिची जात यांवर घसरतात. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला आठवतात ते हे दोन-तीनच. पुढचा पाठ लांबणीवर पडतो. कदाचित तो कधीच निघत नाही. ही हानी एकट्या शिक्षिकेची नव्हे. ज्या मुलांना तो पाठ मिळावयाचा होता, त्यांचीही ती असते. म्हणून या आघाताचे स्वरूप समजून घेणे अवश्य आहे.

मनाला इतके का लागते?

मनुष्याचे मन बऱ्यावाईट गोष्टी एकाच तराजूत तोलीत नाही. रॉय बाउमाइस्टर व त्यांचे सहकारी या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली अनेक संशोधनांचा आढावा घेतला. वाईट अनुभवाचा ठसा तशाच तोडीच्या चांगल्या अनुभवाहून अधिक खोल उमटतो, असे त्यांना दिसून आले. याचे एक कारण असे सांगतात की, रानात वावरणाऱ्या आपल्या पूर्वजांना झाडावरचे फळ दिसले नाही, तर एक वेळचे अन्न जाई. पण पायाखालचा साप दिसला नाही, तर प्राण जात. धोक्याकडे प्रथम लक्ष देण्याची ही सवय आजही आपल्यात टिकून आहे.

२००३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील नेओमी आयझेनबर्गर व त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात संगणकाच्या पडद्यावर चेंडूफेकीचा साधा खेळ चाले. थोड्या वेळाने इतर खेळाडू प्रयोगातील व्यक्तीकडे चेंडू टाकणे बंद करीत. अशा वेळी, शारीरिक वेदनेच्या त्रासाशी ज्याचा संबंध आहे तो मेंदूचा भाग अधिक क्रियाशील झाल्याचे प्रतिमांत आढळले. पुढे २०१४ साली झालेल्या संशोधनाने, या दोन्ही वेदनांचे मेंदूतील सूक्ष्म आकृतिबंध भिन्न असतात, हेही दाखविले. तेव्हा शब्दांची जखम आणि शरीराची जखम एकच नव्हेत. परंतु शब्दांनी होणारे दुःख काल्पनिक मात्र खचित नाही. “मनावर घेऊ नकोस” एवढ्या उपदेशाने ते जात नाही.

असे लिहिते कोण?

समोरासमोर ज्याच्या तोंडून वावगा शब्द निघत नाही, असा मनुष्यही पडद्याआड राहून कठोर लिहितो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन स्यूलर यांनी २००४ साली या संकोचलोपाची कारणमीमांसा केली. नाव लपलेले असते, चेहरा दिसत नाही आणि उत्तर लगेच ऐकावे लागत नाही. म्हणून संयमाचे बंध सैल होतात. इस्राएलमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १४२ जणांच्या जोड्या लावून त्यांना वादाचा विषय दिला होता. त्यांतील कटुता वाढण्यास नाव लपविण्यापेक्षाही नजरेला नजर न भिडणे हे कारण अधिक प्रभावी ठरले.

२०१७ सालचा एक अमेरिकन प्रयोग याहून बोधप्रद आहे. त्यात काहींना आधी सोपी व काहींना अवघड चाचणी दिली, आणि नंतर एका लेखावर अभिप्राय लिहावयास सांगितले. चाचणी सोपी आणि आधीचे अभिप्राय सौम्य असता, लिहिलेल्या मजकुरापैकी ३५ टक्के त्रासदायक ठरला. चाचणी अवघड आणि आधीचे अभिप्राय शिवराळ असता हेच प्रमाण ६८ टक्क्यांवर गेले. म्हणजे दुष्टपणा हा काही मोजक्या माणसांचाच गुण नसून, बिघडलेली मनःस्थिती व समोरचे उदाहरण यांचाही तो परिणाम होय. यातून निर्मात्याला दोन गोष्टी कळतात. आलेली शिवी ही पुष्कळदा लिहिणाऱ्याच्या दिवसाविषयी सांगते, आपल्या कामाविषयी नव्हे. आणि पहिली शिवी वेळीच हटविली, तर पुढच्या शिव्यांचे आमंत्रण टळू शकते.

निवड कशी करावी?

निंदक जवळ असलेला बरा, हा विचार कबीरांपासून तुकारामांपर्यंत संतांनी मांडला आहे. निंदक आपले दोष दाखवितो, हे त्याचे मर्म. पण शिवी दोष दाखवीत नाही. म्हणून अभिप्रायांची प्रथम वर्गवारी करावी. “तिसऱ्या उदाहरणात छेद चुकला आहे” ही टीका, सूर कडवट असला तरी, स्वीकारण्याजोगी आहे. निव्वळ टवाळीस उत्तर देऊ नये. उत्तरांची संख्या वाढली की समाजमाध्यमांची यंत्रणा त्याला लोकांच्या उत्सुकतेची खूण समजून तो मजकूर अधिकांपुढे नेण्याचा संभव असतो. द्वेषमूलक मजकूर लपवावा व त्याची तक्रार करावी. ठरावीक शब्द असलेले अभिप्राय आपोआप अडविण्याची सोय यूट्यूब, इन्स्टाग्राम इत्यादी माध्यमांत आहे.

वाचनाची वेळही ठरवून घ्यावी. निजण्यापूर्वीची वेळ त्यास अयोग्य होय. शक्य तर अभिप्राय प्रथम एखाद्या विश्वासू स्नेह्याने वाचून निवडून द्यावेत. मनात उठलेल्या भावनेला “हा राग आहे”, “ही लाज आहे” असे नाव दिल्याने तिचा जोर काहीसा ओसरतो, असेही प्रयोगांत आढळले आहे.

धमकी ही मात्र वेगळी बाब आहे. ती पुसून टाकू नये. दिनांक, वेळ व लिहिणाऱ्याचे खाते दिसेल असे तिचे चित्र जपून ठेवावे व पोलिसांकडे जावे. केवळ त्रासदायक लिखाणास शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. कारण त्याने भाषणस्वातंत्र्यावर गदा येत होती. परंतु धाक घालणे व स्त्रीचा आंतरजालावर पाठलाग करणे हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हेच आहेत. मन फारच खचले, झोप उडाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ दूरध्वनीवर विनामूल्य साहाय्य मिळते. ही सेवा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली.

वाचकाचे कर्तव्य

अखेरीस, अभिप्राय लिहिणारेही आपणच असतो. वर्गातील प्रत्येक विद्यार्थी आज वाचक आहे, तसाच लेखकही आहे. मन चिडलेले असताना लिहिलेले वाक्य पाठविण्यापूर्वी, ते समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहून आपण बोललो असतो काय, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. आणि एखाद्याच्या पाठाने अपूर्णांक समजले असतील, तर तसे दोन शब्द अवश्य लिहावेत. वाईट शब्दाचे वजन अधिक असते. म्हणूनच चांगले शब्द संख्येने पुष्कळ असावे लागतात.