संगणकांच्या खोलीतला उन्हाळा

उन्हाळा आला की आरोग्याच्या पानावर ऊन लागण्याबद्दल लिहायचे, ही आपली दरवर्षीची रीत. यंदा आम्ही रस्त्यावरच्या उन्हाबद्दल नाही, तर खोलीत बसलेल्या मुलांना लागणाऱ्या उन्हाबद्दल लिहीत आहोत. आता अनेक वस्त्यांत अभ्यासिका आणि संगणक वर्ग सुरू झाले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिथे एक धोका आहे, तो आम्हाला अनुभवातून कळला.

नागपुरातील आमच्या वस्तीत समाजमंदिराला लागून एक खोली आहे. वर टीनाचे पत्रे, आत आठ संगणक. मुले तिथे टंकलेखन शिकतात, अर्ज भरतात, परीक्षांचा सराव करतात. गेल्या मे महिन्यात दुपारच्या वर्गात एक मुलगी टाइप करता करता खुर्चीतच कलंडली. शिकवणाऱ्या ताईंनी तिला बाहेर कडुनिंबाच्या सावलीत नेले, ओल्या फडक्याने अंग पुसले. थोड्या वेळाने ती सावरली.

सांगायला संकोच वाटतो, पण त्याआधी महिनाभर आमची सगळी काळजी संगणकांची होती. धूळ जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. चोरी होऊ नये म्हणून झरोक्यावर फळी ठोकलेली. आत बसणाऱ्या मुलांचे काय होते, हे कोणी पाहिले नाही.

मग आम्ही हिशेब मांडला. संगणक जितकी वीज खातो, तितकी जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीतच राहते. पडद्यासह एक साधा संगणक चालू असताना सुमारे १२० वॅट घेतो. आठांचे झाले साडेनऊशेच्या वर. बसलेल्या माणसाच्या अंगातूनही सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. आठ मुले आणि एक ताई, म्हणजे आणखी ९००. बंद खोलीत दिवसभर दोन इस्त्र्या तापत ठेवाव्यात, तसा हा प्रकार. वरून पत्रा तापतो तो वेगळाच.

समितीच्या बैठकीत जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत एसी घ्यावा, असा विचार निघाला. एक टनाचा एसी खोलीतून सुमारे साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. त्यातली निम्म्याहून अधिक ताकद संगणक आणि माणसांवरच खर्च होणार, आणि उरलेली तापलेला पत्रा खाऊन टाकणार. शिवाय दरमहा बिल कोण भरणार? म्हणून ठरले, आधी उष्णता कमी करू, मग ती बाहेर घालवू. विकत थंडावा आणायचा तो शेवटी.

छतापासून सुरुवात केली. पत्रा धुऊन त्यावर चुन्याचे दोन हात दिले. पांढरे छत ऊन परतवते, त्यामुळे कमी तापते. २०१० च्या भीषण उष्णतेनंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांतील छते पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. पत्र्याखाली हातभर जागा सोडून, वायरींपासून दूर, बांबूच्या तट्ट्या लावल्या.

नंतर संगणक. कोणी उठून गेले की पडदा बंद, आणि अर्धा तास काम नसेल तर संगणकही बंद. पडद्यावर चित्र फिरत राहिले म्हणजे संगणक बंद झाला असे नाही, तो वीज खातच असतो. प्रत्येक डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, आतली धूळ वायरमनकडून काढून घेतली. धूळ साचली की आतले भाग तापतात आणि संगणक मंदावतो. यूपीएस कोपऱ्यात कोंबू नये. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते.

झरोक्यावरची फळी काढून जाळी बसवली. गरम हवा वर चढते, तिला वरूनच वाट हवी. कुलर एका खिडकीत बाहेरच्या बाजूने लावला आणि समोरची खिडकी उघडी ठेवली. बंद खोलीत कुलर लावला तर दमटपणा वाढतो, घाम सुकत नाही, जीव घुसमटतो. आपल्या विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कुलर उत्तम चालतो. कोकणात किंवा पावसाळ्यात तोच कुलर निरुपयोगी ठरतो. पंखा हवा थंड करत नाही, तो घाम सुकवून अंग थंड करतो. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली की त्याचा वारा उलट अंग तापवतो.

कुलरबाबत दोन गोष्टी विसरू नका. पाणी भरण्याआधी प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घ्या, कारण कुलरचा शॉक जीव घेतो. आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, नाहीतर तिथे डेंग्यूचे डास होतात.

वर्गाची वेळही बदलली. आता वर्ग सकाळी ७ ते ११ आणि सूर्य मावळल्यावर भरतो. दुपारी संगणक बंद असतात.

एवढे करूनही मुख्य गोष्ट राहिलीच होती. त्या मुलीने ताईंना नंतर सांगितले, की ती सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती. समाजमंदिरात मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, म्हणून सगळ्याच मुली पाणी टाळत होत्या. माठ भरलेला असायचा, पण त्यांच्या कामाचा नव्हता. हे आमच्यापैकी एकाही पुरुषाच्या ध्यानात आले नव्हते. एसीसाठी ठेवलेले पैसे मग स्वच्छतागृहाला लावले. या उन्हाळ्यात माठ दिवसातून दोनदा भरावा लागतो.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, खूप घाम, पायात गोळे ही ऊन लागण्याची चिन्हे आहेत. अशा वेळी काम थांबवून सावलीत यावे, ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घोट घोट प्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, बेशुद्ध झाला किंवा अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

तुमच्या वस्तीतही अशी खोली असेल, तर या आठवड्यात भर दुपारी तिथे अर्धा तास स्वतः बसून पाहा. आणि तिथल्या मुलींना विचारा, त्या पाणी पितात का.