परवान्याआधीचे माप

छिंदवाड्यातून वेगळा होऊन २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा जो नवा जिल्हा अस्तित्वात आला, त्याच्या पोटातून दोन रेल्वेमार्ग जातात आणि जिल्ह्याच्या हद्दीत ते एकमेकांस कोठेही भेटत नाहीत. पांढुर्णा हे दिल्ली-चेन्नई या मुख्य लोहमार्गाचा भाग असलेल्या नागपूर-इटारसी मार्गावरचे स्थानक. तेथे अंमल मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाचा, आणि त्या रेल्वेचे मुख्यालय मुंबईस. सौंसर हे नागपूर-छिंदवाडा मार्गावरचे. तेथेही अंमल नागपूर विभागाचाच, परंतु हा विभाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा, आणि त्या रेल्वेचे मुख्यालय बिलासपूरला. एकाच शहराच्या नावाने चालणाऱ्या या दोन निराळ्या दप्तरांमुळे आणि न भेटणाऱ्या मार्गांमुळे घडते असे की, सौंसरहून एखादे अवजड यंत्र रेल्वेने नागपूरमार्गे इटारसीकडे पाठवायचे ठरल्यास ते आधी दक्षिणेस नागपूरच्या इतवारी स्थानकापर्यंत उतरते, तेथून नागपूरच्या मुख्य स्थानकात येते, आणि मग नरखेडवरून पुन्हा उत्तरेकडे वळून पांढुर्ण्याच्या फलाटापुढून जाते. आणि या प्रवासाला दोन्ही रेल्वेंची संमती लागते.

संत्री, कापूस किंवा सौंसरच्या पट्ट्यातील मँगनीजचे खनिज पाठविताना संमतीची ही अडचण येत नाही, कारण असा माल वाघिणीच्या भिंतींच्या आत मावतो आणि वाघिणीची मापे रेल्वेला आधीपासून ठाऊक असतात. प्रश्न उभा राहतो तो रोहित्र, बाष्पकाचे पिंप, पुलाची तुळई किंवा सैन्याचा रणगाडा यांसारखी वस्तू उघड्या तळाच्या वाघिणीवर चढविली जाते तेव्हा. अशा मापाबाहेरच्या मालाला रेल्वेतील लोक थोडक्यात ‘ओडीसी’ (ओव्हर डायमेन्शनल कन्साइनमेंट) म्हणतात, आणि त्याच्या वाहतुकीसाठी स्वतंत्र परवाना काढावा लागतो. सामान्य माणसाची समजूत अशी असते की हा परवाना मालाला मिळतो. वस्तुतः तो माल आणि वाघीण यांच्या जोडीला मिळतो, आणि म्हणून अर्जात मालाच्या तपशिलाइतकाच, किंबहुना त्याहून काकणभर अधिक, वाघिणीचा तपशील महत्त्वाचा ठरतो.

भारतीय ब्रॉडगेजवर धावणाऱ्या सर्वसाधारण वाहनाने ज्या चौकटीत राहावयाचे, तिची रुंदी ३२५० मिलिमीटर आणि मध्यभागी उंची ४२६५ मिलिमीटर अशी ठरलेली आहे. हे आकडे विचित्र वाटतात, कारण ते मुळात फूट-इंचांचे आहेत: दहा फूट आठ इंच आणि चौदा फूट. रुळांमधले १६७६ मिलिमीटरचे अंतर म्हणजेही साडेपाच फूटच. मापांचे हे कोष्टक इंग्रजी अमदानीत १९३९ साली ज्या स्वरूपात छापले गेले, त्याच पायावर २००४ सालची सुधारित आवृत्ती उभी राहिली. पूल, बोगदे, फलाट, सिग्नलचे खांब, पादचाऱ्यांचे पूल ही सारी स्थावर बांधकामे या चौकटीच्या बाहेर ठराविक अंतर राखून उभी केलेली असतात. चौकटीबाहेर गेलेला माल त्याच राखीव अंतरात घुसतो. टी-७२ रणगाड्याची रुंदी ३.५९ मीटर धरली तर तो चौकटीच्या बाहेर दोन्ही बाजूंस १७० मिलिमीटर, म्हणजे पाऊण वीत, डोकावतो. अर्जुन रणगाडा ३.८६ मीटर रुंद असल्याने तो प्रत्येक बाजूस ३०० मिलिमीटरहून अधिक बाहेर येतो, आणि त्याच्यासाठी खास वाघिणी तयार कराव्या लागल्या. हे रणगाडे चेन्नईजवळच्या आवडीस तयार झाले, आणि आवडीहून उत्तरेकडचा सरळ मार्ग नागपूर-पांढुर्णा-इटारसी हाच आहे.

वाघिणीसंबंधी पहिला प्रश्न तिच्या तळाच्या उंचीचा. मालाची उंची कारखान्यात मोजता येते, पण रेल्वेला हवी असते ती रुळाच्या माथ्यापासूनची उंची. म्हणून तळ रुळापासून किती वर आहे हे कळल्यावाचून मालाचे माप निरर्थक ठरते. ही उंची कायम नसते. मालवाघिणींच्या सर्रास वापरातल्या कासनब जातीच्या बोगीचे, म्हणजे वाघिणीखालच्या चाकांच्या गाड्याचे, चाक नवे असताना १००० मिलिमीटर व्यासाचे असते, आणि झिजून बाद होण्याच्या वेळी ९०६ मिलिमीटरचे उरते. अर्थात केवळ चाकांच्या झिजेने तळ ४७ मिलिमीटर खाली येतो. त्यावर भार पडला म्हणजे स्प्रिंगा दबतात. याच कारणास्तव बफरची उंची रिकाम्या वाघिणीत ११०५ मिलिमीटरपेक्षा अधिक आणि भरलेल्या वाघिणीत १०३० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असा दंडक आहे. उंच माल वाहण्यासाठी मधला तळ खोल खाली नेलेल्या वाघिणी वापरतात, आणि त्यांच्या बाबतीत धोका दोन्ही दिशांनी संभवतो: चाके नवी असतील तर मालाचे डोके पुलाखाली अडकण्याची भीती, आणि चाके झिजलेली असतील तर वाघिणीचे पोट रुळांच्या सांध्यांना व फाटकावरील रस्त्याला लागण्याची. तेव्हा नकाशात लिहिलेली उंची पुरेशी नाही. ज्या क्रमांकाची वाघीण येणार, तिचे चाक प्रत्यक्ष मोजून आकडा लिहावा लागतो.

वळणाचा हिशेब मात्र मला या साऱ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. वाघीण दोन बोगींवर टेकलेली असते, बोगी रुळांबरोबर वळतात, पण वाघिणीचे धूड सरळच राहते. त्यामुळे वळणावर तिचा मध्यभाग आतल्या बाजूस सरकतो आणि दोन्ही टोके बाहेरच्या बाजूस झुकतात. मध्यभाग किती सरकेल याचे गणित शाळकरी मुलासही जमण्यासारखे आहे: बोगींच्या केंद्रांमधील अंतराचा वर्ग करावा आणि त्याला वळणाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागावे. हे अंतर २० मीटर आणि त्रिज्या ४३७.५ मीटर असेल, तर सरकणे ११४ मिलिमीटर भरते. ब्रॉडगेजवर अनुज्ञेय असलेल्या सर्वांत तीव्र, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येच्या, वळणावर तेच २८६ मिलिमीटर होते. शिवाय वळणावर बाहेरचा रूळ उचललेला असतो. दोन रुळांतील केंद्रांतर १७५० मिलिमीटर धरून बाहेरचा रूळ १०० मिलिमीटर उचलला, तर रुळाच्या माथ्यापासून चार मीटर उंचीवरचा मालाचा कोपरा आत २२९ मिलिमीटर कलतो. आणि हे कलणे मध्यभागाच्या सरकण्याच्याच बाजूस असल्याने दोन्ही रकमांची बेरीज होते. पहिल्या उदाहरणात ती ३४३ मिलिमीटर, म्हणजे फुटाहून अधिक आहे. बांधकामांना वळणावर जादा मोकळीक दिलेली असते हे खरे, परंतु ती नेहमीच्या लांबीचे डबे गृहीत धरून. म्हणूनच एकूण मोकळीक आणि वळण, कल व हेलकावे वजा जाऊन उरणारी निव्वळ मोकळीक असे दोन निराळे आकडे काढतात, आणि त्यांवरून मालाची ए, बी किंवा सी अशी वर्गवारी ठरते. सी वर्गातला माल सर्वांत अडचणीचा. तो दिवसाउजेडी, संथ गतीने, जाणत्या कर्मचाऱ्यांच्या सोबतीने न्यावा लागतो. पांढुर्ण्यापुढे तीगाव-चिचोंड्याचा घाट आहे, आणि तेथे बोगींच्या केंद्रांमधले अंतर अर्जात चुकीचे लिहिले गेले तर त्याचा जाब वळणच विचारते.

उंची आणि वळण यांनंतर वजन. पुलाला मालाच्या एकूण वजनापेक्षा ते किती आसांवर आणि किती लांबीत वाटले आहे याच्याशी कर्तव्य असते. ब्रॉडगेजवर दर आसास २०.३२ टन ही दीर्घकाळची प्रमाणभूत मर्यादा. चार आसांच्या नेहमीच्या वाघिणीचे भरलेले वजन ८१.२८ टन होते ते यामुळेच. अनेक मार्गांवर ही मर्यादा वाढविली आहे. समजा, रोहित्र १८० टनांचे आणि त्यास वाहणारी वाघीण ९० टनांची आहे. मिळून २७० टन. बारा आसांवर हा भार घातला तर दर आसास २२.५ टन येतात आणि ही प्रमाणभूत मर्यादा मोडते. सोळा आस असतील तर दर आसास सतरा टनांहूनही कमी. म्हणून अर्जात वाघिणीचे स्वतःचे वजन, आसांची संख्या, त्यांतील प्रत्येक अंतर आणि मालाचा गुरुत्वमध्य हे सारे मागितले जाते. युरोपात असामान्य मालासाठी आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाचे ५०२ क्रमांकाचे पत्रक आहे, आणि तेथील जर्मन पद्धतीच्या वाघिणींत रोहित्रच दोन अर्ध्या वाघिणींच्या मध्ये लटकवून वाघिणीचा मधला भाग बनविले जाते. परंतु तेथेही मागणी याच आकड्यांची होते. आपल्याकडे नागपूर-इटारसी मार्गावर डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार आहे. तार आणि मालाचा माथा यांतील अंतर ठरलेल्या मर्यादेखाली गेल्यास वीज बंद करून गाडी काढावी लागते. म्हणजे तळाच्या उंचीतील चुकीचा भुर्दंड साऱ्या वाहतुकीला बसतो.

सौंसरकडच्या लोकांना हा विषय अलीकडेच जवळचा झाला आहे. बंगाल-नागपूर रेल्वेने बांधलेला तेथला मार्ग ७६२ मिलिमीटरच्या अरुंद मापाचा होता. त्यावरचा माल नागपुरास पोहोचला की दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे, आणि असल्या अजस्र वस्तूंचा तेथे विचारही संभवत नव्हता. २०१५ साली अरुंदमापी गाड्या बंद झाल्या आणि पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने तेथे ब्रॉडगेज आले. आता लोधीखेडा, सौंसर, रामाकोना ही स्थानके देशाच्या मुख्य जाळ्याला रुळांनीच जोडली गेली आहेत, आणि बोरगावसारख्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदारास रेल्वेने जड यंत्र मागविण्याचा अथवा पाठविण्याचा विचार करता येतो.

अशा कारखानदारांना माझे सांगणे एवढेच आहे की परवान्याचा अर्ज ही काम संपल्यावर भरावयाची कागदी बाब समजू नये. यंत्राचा नकाशा कायम होण्यापूर्वी विभागीय कार्यालयाकडून उपलब्ध वाघिणींच्या मापांचा तक्ता मागून घ्यावा. मालाची रुंदी निरनिराळ्या उंचींवर मोजून पुढून आणि बाजूने दिसणारा आराखडा काढावा. आणि वाघीण धक्क्यावर आली की माल चढविण्यापूर्वी व चढविल्यानंतर तळाची उंची रेल्वेच्या परीक्षकासमक्ष पुन्हा मोजवून घ्यावी. यंत्राच्या अंगावरून दहा सेंटिमीटरचा एखादा कंस (ब्रॅकेट) काढून तो वेगळा पाठविला, तर कधीकधी सी वर्गातला माल बी वर्गात येतो. तो कंस कारखान्यातच काढता आला पाहिजे. घाटातल्या गाडीवर चढून तो काढता येत नाही.