१५ मिमीच्या लेन्सनं चेहरे का ताणले जातात?

फिल्मवर फोटो काढणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, 'वाइड लेन्स चेहरा बिघडवते' हा समज आधी सोडा. पर्स्पेक्टिव्ह ठरतं ते कॅमेरा आणि विषय यांच्यातल्या अंतरावरून. वाइड लेन्स लावली की फ्रेम भरायला आपण जवळ जातो, म्हणून नाक मोठं आणि कान लहान दिसतात.

कोपऱ्यातला ताण मात्र वेगळा. सरळ रेषा सरळच ठेवणारी १५ मिमी लेन्स ३५ मिमी फिल्मवर कर्णात सुमारे ११० अंशांचं दृश्य टिपते. ते सपाट फिल्मवर बसवताना कडेचा गोल चेंडू लांबट होतो. तिथं उजेडही कमी पोचतो. म्हणून त्साइसच्या १५ मिमी होलोगॉन लेन्ससाठी मधोमध गडद असलेला फिल्टर असायचा.

काय कराल?
• माणसं फ्रेमच्या मध्याजवळ ठेवा.
• इमारत टिपताना कॅमेरा पातळीत धरा. वर झुकवला की उभ्या रेषा वरच्या बाजूला जवळ येतात.
• पुढ्यात ठळक काहीतरी घ्या, नाहीतर फ्रेम रिकामी वाटते.

आणि छायाचित्रकार बिल ब्रँट यांचं १९६१ चं 'पर्स्पेक्टिव्ह ऑफ न्यूड्स' हे पुस्तक जरूर पाहा. जुन्या लाकडी कोडॅक कॅमेऱ्याच्या वाइड लेन्सनं त्यांनी मानवी देहाला शिल्पाचे आकार दिले. विकृतीचं सौंदर्य तिथं कळतं!