धुके की धुरके? खेड्यानेही आपल्या हवेचा हिशेब मागावा!

नागपूरचे सदर म्हटले की बाजार, शाळा आणि कचेऱ्या डोळ्यांपुढे येतात. परंतु महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हवा मापन केंद्रांतही सदरचे नाव आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

या मापनाची रीत साधी आहे. यंत्र हवा आत ओढते आणि ती एका गाळणकागदातून जाऊ देते. हा कागद आधी तोलायचा आणि नंतर तोलायचा. वाढलेले वजन म्हणजे हवेतली धूळ. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार हे मापन आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षात १०४ दिवस व्हावे लागते. यातील सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनहून लहान असतात. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड! हे कण नाकात अडकत नाहीत. फुप्फुसात खोल जातात, रक्तातही उतरतात. दमा आणि हृदयविकार वाढवतात. २००९ च्या भारतीय मानकानुसार अशा कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली.

शहराचा हिशेब असा होतो. पण खेड्याचा? २०१९ साली सुरू झालेला राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमही मुख्यतः शहरांसाठीच आहे. त्यात नागपूरचे नाव आहे, पण कोराडी-खापरखेड्याच्या आसपासच्या वस्त्यांचे काय?

वाचकहो, हिवाळ्यात दूरचा डोंगर पुसट झाला की आपण म्हणतो, धुई पडली. दर वेळी ती धुईच असते काय? थंडीत जमीन निवते, खालची हवा गार राहते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. मग चुलीचा, जाळलेल्या पऱ्हाटीचा, वाहनांचा आणि वीज केंद्राचा धूर खालीच कोंडतो. एक मायक्रॉनहून बारीक कण उजेड सर्वांत जास्त विखुरतात. शिवाय दमट हवेत ते ओल शोषून फुगतात. म्हणून समोरचे दिसेनासे होते. धुके असेल तर पाने भिजतात आणि ऊन चढताच ते विरते. धुरके मात्र कोरडे, करडे असते. भर दुपारीही हटत नाही.

राखेचेही असेच आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख बंधाऱ्याला भगदाड पडले, ते सर्वांनी पाहिले. वाळत घातलेल्या कपड्यांवरची राखही दिसते. पण कोळसा जळताना निघणाऱ्या गंधक वायूपासून हवेतच जे बारीक कण तयार होतात, ते एकेकटे कोणाला दिसत नाहीत. दिसते ते फक्त झाकोळलेले शिवार.

अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांतून दूरवरचे स्वच्छ दिसावे, हे ध्येय ठरवले. पुढे तेथे बारीक कणांचे नियमित मापनही सुरू झाले. डोंगर दिसावा म्हणून तेथे यंत्रे बसतात. आमच्या लेकरांच्या छातीसाठी बसू नयेत काय?

यंत्र येईपर्यंत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. हवामान खात्याचे निरीक्षकही ठरावीक अंतरावरच्या खुणा पाहून दृश्यमानता ठरवतात. गावातल्या मुलांनी तीन-चार खुणा निवडाव्यात: पाण्याची टाकी, शेजारच्या गावची शाळा, वीज केंद्राची चिमणी, दूरची टेकडी. त्यांची अंतरे नकाशावरून काढावीत. रोज दुपारी बाराला कोणती खूण दिसली, पाऊस किंवा ओल होती का, शिवारात काही जळत होते का, हे वहीत लिहावे. सहा महिन्यांची वही ग्रामसभेत ठेवावी आणि यंत्राची मागणी लेखी करावी. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय नागपुरातच आहे.

अर्थात डोळा म्हणजे तराजू नव्हे. टेकडी स्वच्छ दिसली म्हणून हवा शुद्ध, असे मानू नये. आणि चुलीपुढे बसलेल्या भगिनीच्या श्वासात जाणारा धूर गावच्या वेशीवरून मुळीच दिसत नाही. त्यासाठी स्वयंपाकघराची खिडकी, धुराडे आणि परवडणारा गॅस हवा.

ज्याची नोंद नाही, त्याची दाद लागत नाही. सदरच्या हवेची नोंद होते. आता आपल्या गावची वही उघडा!